तेरेखोलपलीकडून आलेली घराणी

दिंडीत नवा वारकरी आला की पहिल्या मुक्कामाच्या पंगतीत त्याला दोन प्रश्न विचारायची आपल्याकडे रीत आहे. "माउली, तुमी खंयचे?" हा पहिला. त्याचं उत्तर मिळालं की लगेच दुसरा, "आणि कुळदेव खंयचो?" घाटावरच्या वारकऱ्यांना हा दुसरा प्रश्न जरा चमत्कारिक वाटतो. त्यांच्याकडे गाव सांगितलं की बहुतेक सगळं सांगून झालेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर तेवढ्यानं भागत नाही. माणूस राहायला आचऱ्याला, भातशेती मसुऱ्याला, आणि कुळदेव विचाराल तर कवळ्याला नाहीतर मंगेशीला. म्हणजे तेरेखोल, शापोरा आणि मांडवी अशा तीन नद्या ओलांडून पलीकडे, फोंडा महालात. एवढ्या लांबचा देव या घराला कसा लागला? त्या घराचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे.

दिंडीची स्थापना, आजवरचे विणेकरी, वाटेवरचे अन्नदाते यांची माहिती या स्मरणिकेत इतर ठिकाणी आलेली आहे. या लेखात आम्ही दिंडीतल्या त्या घराण्यांबद्दल लिहीत आहोत, जी दक्षिणेकडून, म्हणजे आजच्या गोव्यातून, चार-साडेचार शतकांपूर्वीपासून टप्प्याटप्प्यानं या किनाऱ्यावर येत गेली. ही घराणी एका जातीची नाहीत. त्यांत ब्राह्मण आहेत, भंडारी आहेत, गाबीत आहेत, सोनार आहेत, वाणी आहेत. वारीत आम्ही जात विचारत नाही आणि या लेखातही ती लावून बघणार नाही. पण ही माणसं आली कुठून, का आली, आणि इथं त्यांना जागा कशी मिळाली, हे आपल्या मुलांना सांगायला हवं. सांगणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.

सुरुवात थोडी मागून करतो, कारण दक्षिणेकडून इकडे येण्याची वाट त्या घराण्यांच्याही आधीची आहे. आपल्या जिल्ह्यातली एक फार जुनी वंशावळ कोणाच्या देवघरात सापडलेली नाही, ती खारेपाटणला तांब्याच्या पत्र्यावर सापडली. शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा हा ताम्रपट शिलाहार राजा रट्टराज याचा. त्यात सणफुल्ल या मूळपुरुषापासून रट्टराजापर्यंत दहा राजांची नावं ओळीनं दिली आहेत. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधला मुलूख सणफुल्लाला कृष्णराजाच्या कृपेनं मिळाला असं तो ताम्रपट म्हणतो. तिसऱ्या पिढीतल्या अय्यपराजाला चंद्रपुराजवळ नारळाच्या पाण्यानं स्नान घातलं, असाही त्यात उल्लेख आहे. चंद्रपूर म्हणजे आजच्या गोव्यातलं चांदोर. नारळाच्या पाण्यानं अभिषेक करायचा म्हणजे राजा आपल्याच किनाऱ्याचा, हे वेगळं सांगायला नको! या ताम्रपटाचं वाचन पहिल्यांदा प्रसिद्ध केलं ते बाळशास्त्री जांभेकरांनी. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. आपल्या मुलखाची ही जुनी वंशावळ आपल्याच मुलखाच्या माणसानं वाचून जगापुढे ठेवली, हा योग आम्हांला फार मोलाचा वाटतो.

तर दक्षिणेचं आणि आपलं येणंजाणं हजार वर्षांचं आहे. मधे तेरेखोलची खाडी आहे खरी, पण खाडी म्हणजे भिंत नव्हे. होडी टाकली की पलीकडे.

सोळाव्या शतकात मात्र ही वाट नुसती येण्याजाण्याची उरली नाही, पळून येण्याची झाली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहाकडून गोवा शहर आणि तिसवाडी बेट घेतलं. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी हे महाल त्यांच्याकडे गेले. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली, आणि १५६० नंतरच्या दशकात साष्टी आणि बारदेशातल्या देवळांवर पाळी आली. १५६० मध्येच गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय बसलं. आपले म्हातारे त्याला 'इन्किझिसांव' म्हणत आणि त्या शब्दावर आवाज खाली आणत. शब्द कधीच जुना झाला होता, पण दबका आवाज पिढ्यान् पिढ्या तसाच राहिला.

देव आधी निघाले, मग माणसं निघाली. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये नदी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, मडगावचा दामोदर जांबावलीला. हे सगळे देव गेले ते पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, अंत्रुज आणि आसपासच्या मुलखात, कारण तिथं तेव्हा आदिलशाही अंमल होता. अंत्रुज पोर्तुगीजांकडे गेला तो पुढे दोनशे वर्षांनी, १७६३ मध्ये. तोवर त्या देवळांत घंटा वाजत राहिल्या. दिवाडीचा सप्तकोटीश्वर डिचोली महालातल्या नार्व्याला नेला होता. त्याचं देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये नव्यानं बांधवलं, हे आपल्यापैकी पुष्कळांनी तिथल्या शिलालेखावर वाचलं असेल.

माणसांपुढे दोन वाटा होत्या. दक्षिणेला कारवार, मंगळूर, पार कोचीपर्यंत एक वाट. उत्तरेला दुसरी. बारदेशातून शापोरा नदी उतरली की पेडणे महाल, आणि पेडणे तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतं. पुढे तेरेखोल उतरली की आरोंदा, शिरोडा, रेडी. तिथून वेंगुर्ला, मग कर्लीच्या खाडीवरून मालवण आणि वर देवगड, विजयदुर्ग. समुद्रानं आलेले पडावातून आले, खुष्कीनं आलेले बांद्यावरून आले. एकाच रात्री सगळा गाव उठून आला अशी गोष्ट बहुतेक घरांत सांगतात. आम्हांला ती गोष्ट ऐकायला आवडते, पण घडलं असेल ते हळूहळू. आधी धाकटा भाऊ पुढे जाऊन जागा बघून आला असेल, मग बायकामुलं, मग म्हातारी माणसं. एखादा भाऊ जमिनीपायी मागंच राहिला असेल आणि त्यानं धर्म बदलला असेल. अशी घरं पुष्कळ आहेत की ज्यांची एक पाती इकडे प्रभू किंवा नायक म्हणून नांदते, आणि दुसरी बारदेशात चर्चच्या दफ्तरात वेगळ्या आडनावानं नोंदलेली आहे. रक्त तेच. पुढे कराला आणि जाचाला कंटाळून ख्रिस्ती झालेली काही कुटुंबंसुद्धा सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण भागात आली. त्यांना आपल्या मुलखानं थारा दिला. हा इतिहास सांगताना कोणी द्वेषानं सांगू नये असं आम्हांला वाटतं. ज्यांनी छळ केला ते गेले, आणि मागं राहिले ते आपलेच भाऊ होते.

सगळेच धर्मासाठी आले असंही नाही. काही व्यापारासाठी आले. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती आणि बंदर चालतं होतं. काही मासळीच्या मागावर आले. काही किल्ल्यांच्या चाकरीला आले. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, तेव्हा पाथरवट, लोहार, सुतार, दर्यावर्दी अशा किती हातांची गरज लागली असेल! आणि वाट एकाच दिशेनं वाहत नव्हती. शिवछत्रपतींनी कुडाळ प्रांत घेतला तेव्हा इथले लखम सावंत आणि इतर देसाई उलट गोव्यात आश्रयाला गेले होते. १६६७ मध्ये महाराजांनी बारदेशावर स्वारी केली तिला हेही एक कारण होतं. त्यामुळे 'गोंयातसून इलो' म्हणणाऱ्या घराचा मूळपुरुष आधी इथूनच तिकडे गेलेला असणं अगदी शक्य आहे.

इथं आलेल्या घराण्यांनी मागच्या देवाला सोडलं नाही. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण कोचऱ्याच्या रेग्यांचं. वेंगुर्ले तालुक्यातल्या कोचऱ्याचे नारोराम रेगे साताऱ्याला शाहू छत्रपतींच्या दरबारी मंत्री झाले. आज कवळ्याला आपण जे शांतादुर्गेचं देऊळ बघतो ते त्यांच्या खटपटीनं, शाहू महाराजांच्या मदतीनं उभं राहिलं. १७३८ च्या सुमारास ते पुरं झालं, आणि पुढच्याच वर्षी कवळे गाव देवीला इनाम मिळाला. इतक्या पिढ्या लोटल्यावरही कोचऱ्यातल्या माणसाला पहिली आठवण कवळ्याची झाली. आजही आपल्याकडे लग्न झालं की जोडपं 'देवाक' जातं ते खाडीपलीकडे. मुंबईहून चाकरमानी गणपतीला येतो, चार दिवसांची रजा, त्यातला एक दिवस गोव्याच्या गाडीत जातो. बायको कुरकुरते, पण जाते.

आता आडनावांकडे वळू, कारण वंशावळ लिहायला बसलेला प्रत्येकजण पहिला धागा तिथंच पकडतो आणि तिथंच पुष्कळदा चकतो.

'कर' लागलेलं आडनाव गाव सांगतं. पण कोणतं गाव? माणूस ज्या गावात राहतो त्या गावात त्याला त्या गावाच्या नावानं कोणी हाक मारत नाही. पेडण्यात सगळेच पेडण्याचे, तिथं 'पेडणेकर' म्हणून कोणाला ओळखणार? ते नाव पडतं पेडणं सुटल्यावर, मालवणात किंवा आचऱ्यात. म्हणून पेडणेकर, म्हापसेकर, लोटलीकर, वेर्णेकर, मांद्रेकर, हरमलकर ही आडनावं म्हणजे सोडून आलेल्या गावाच्या पाट्या आहेत. मात्र पाटी वाचताना जपून. शिरोडकर म्हटलं की आपण गोव्याचं शिरोडे धरतो, पण शिरोडा आपल्या वेंगुर्ले तालुक्यातही आहे, मिठाच्या सत्याग्रहाचं. केरकर म्हटलं तर केरी गोव्यात तीन, एक पेडण्यात, एक फोंड्यात, एक सत्तरीत. शिवाय एकाच आडनावाची घरं दोन-तीन जातींत असतात, कारण गाव सोडताना सगळ्याच आळ्यांनी सोडला. आडनाव सारखं म्हणून भाऊबंद, हा हिशेब आपल्याकडे चालत नाही. कुळदेव आणि गोत्र जुळलं तर पुढे बोलावं.

काही आडनावं धंद्यानं किंवा हुद्द्यानं पडली आणि त्यांनी मागचं नाव पार झाकून टाकलं. थोर पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ मध्ये आपल्या मालवणात जन्मले. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव पत्की. पूर्वज खजिन्याच्या भांडाराचं काम बघत म्हणून भांडारकर झाले, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. याच भांडारकरांनी पुढे वैष्णव आणि शैव पंथांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला (१९१३), आणि त्यात आपल्या विठोबाचा, नामदेवरायांचा, तुकोबांचा विचार जगाच्या विद्वानांपुढे मांडला. मालवणच्या माणसानं पंढरीची केलेली ही वेगळी वारीच म्हणायची.

आडनावानंतर वही. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांकडे यजमानांच्या नावांच्या वह्या असतात हे आपल्याला ठाऊक आहे. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये बासन सोडतात. कोण आलं, बापाचं नाव, आजाचं नाव, भाऊ किती, मुलगे किती, आणि खाली आलेल्या माणसाची सही किंवा निशाणी. जुनी पानं मोडीत. वारीला जोडून जे नाशिकला गेले त्यांनी आपल्या पणजोबाचं अक्षर तिथं बघितलं आहे. आम्ही बघितलेल्या अशा नोंदींत आणि घरोघरच्या वंशावळींत एक गोष्ट वारंवार आढळते, ती इथं मुद्दाम सांगतो.

हिशेब करा. १५६० पासून आजवर साडेचारशेहून जास्त वर्षं झाली. एक पिढी पंचवीस ते तीस वर्षांची धरली तर पंधरा ते अठरा पिढ्या व्हायला हव्यात. आपल्या घरातल्या वंशावळी बहुतेक आठ-नऊ नावांवर थांबतात, फार तर अकरा. मग मूळपुरुष थेट पोर्तुगीजांच्या काळातला कसा? मधली नावं गळलेली आहेत. ती गळतात कशी तेही समजण्यासारखं आहे. आपल्याकडे नातवाला आजाचं नाव ठेवायची चाल. रामाचा विठू, विठूचा रामा, त्या रामाचा पुन्हा विठू. नक्कल करणाऱ्याची नजर एका विठूवरून दुसऱ्या विठूवर गेली की दोन पिढ्या गडप. कागद खोटा नसतो, डोळा दमलेला असतो. म्हणून आम्ही म्हणतो, वंशावळ मागून पुढे लिहू नका, पुढून मागे लिहा. आज जिवंत असलेल्या माणसापासून सुरू करा, आणि जिथं कागद संपेल तिथं थांबा. पुढे 'इथून वर ऐकीव' असं सरळ लिहा.

नावांवरून आणखी एक कळतं. आमच्या दिंडीच्या जुन्या हजेरीच्या वह्या चाळल्या तर दक्षिणेच्या घराण्यांत आधीच्या पिढ्यांत मंगेश, नागेश, रामनाथ, दामोदर, म्हाळसाबाई अशी मागच्या देवांची नावं जास्त आहेत, आणि हळूहळू पांडुरंग, ज्ञानदेव, तुकाराम, रखुमाई वाढत जातात. घरात माळ आली तशी नावं बदलली असावीत. अर्थात विठू हे नाव गोव्यातही जुनंच आहे. मराठीतली कृष्णकथाही तिकडे जुनी. केळशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये श्रीकृष्णचरित्रकथा रचायला घेतली, म्हणजे शांतादुर्गा केळशीतच होती तेव्हा. गोव्यातल्या अशा कथांची हस्तलिखितं आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरी ग्रंथालयात आहेत. देव अंत्रुजात, माणसं मालवणात, आणि पोथ्या ब्रागात! तेव्हा आपली घराणी इथं आली ती हरिकथा विसरून आली नाहीत. तोंडात होती ती तोंडात घेऊनच आली.

पण वारी त्यांनी इथं का धरली, याबद्दल आमचं एक मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आपल्या गावांची गावरहाटी कडक. ग्रामदेवतेच्या देवळात बारा-पाच मानकरी, प्रत्येकाची जागा ठरलेली. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाणं कोण घालणार आणि 'व्हय महाराजा' कोण म्हणणार, हे सगळं मूळ घराण्यांकडे. जी घरं नंतर आली ती 'उपरी'. त्यांना वस्तीला जागा मिळाली, कसायला जमीन मिळाली, मुलीही दिल्या-घेतल्या गेल्या. मान नाही मिळाला. यात मूळ घराण्यांचा दुष्टावा होता असं आम्ही म्हणत नाही. रहाटी म्हणजे गावाची घटना, ती रोज बदलत नाही. पण आलेल्या माणसाच्या मनाचं काय? स्वतःचा देव तीन नद्यांपलीकडे, आणि इथल्या देवाच्या मांडावर कडेला उभं राहायचं. पिढ्यान् पिढ्या.

वारीत त्याला जागा मिळाली. गळ्यात माळ घातली, हातात टाळ घेतले, की चालणाऱ्याचा नंबर चालण्यावर. पंढरपूर मूळकरालाही तेवढंच लांब, उपऱ्यालाही तेवढंच. आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट चढताना सगळ्यांच्या पोटऱ्या सारख्याच भरून येतात. आणि विठ्ठल कोणाच्याच गावचा ग्रामदेव नव्हता, म्हणून तो सगळ्यांचा झाला. आपल्या दिंडीत सुरुवातीपासून दक्षिणेच्या घराण्यांची माणसं संख्येनं जास्त दिसतात त्याचं कारण आम्हांला हेच वाटतं. काही जुनी मंडळी म्हणतात, तसं नव्हे, व्यापारी लोक होते, हातात पैसा आणि वेळ होता. तेही असेल. पण पैसेवाला वेंगुर्ल्याहून बोटीनं मुंबईला जाऊन रेल्वेनं पंढरपूर गाठू शकत होता. भातकापणी उरकून, कार्तिकीसाठी, डोक्यावर तुळस घेऊन पायी जायची त्याला काय गरज? (आषाढीला आपण मोठ्या संख्येनं जात नाही म्हणून घाटावरचे हसतात. त्यांना आषाढातली आपली लावणी एकदा दाखवायला पाहिजे.)

आणि हळूहळू मूळ घराणीही आली. पालखीला खांदा देणारे मानकरी दिंडीत उपऱ्याच्या मागं पताका घेऊन चालू लागले. त्यावरून कुरबुरी झाल्या नाहीत असं नाही. पहिल्या रांगेत कोण, विणा कोणाकडे, यावर एकदा दिंडी दोन ठिकाणी मुक्कामाला उतरल्याचं म्हातारे सांगतात. पण काला एकत्रच झाला. तेव्हापासून आपल्याकडे विणेकऱ्याची निवड घराणं बघून होत नाही, ही गोष्ट घाटावरच्या जुन्या फडांनाही कौतुकाची वाटते.

हे आज सांगायचं कारण आहे. गेल्या काही वर्षांत वंशावळीचं वेड वाढलं आहे. दाखल्यांसाठी जुन्या नोंदी लागतात म्हणून मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा लागल्या, ते ठीक. पण काही ठिकाणी पैसे घेऊन छापील वंशावळी करून मिळतात. सोनेरी चौकट, वर सूर्य-चंद्र, आणि मूळपुरुष एकदम राजाचा प्रधान किंवा ऋषीचा पुत्र. अशा दोन-तीन चौकटी आम्ही पाहिल्या. तिघांचेही मूळपुरुष प्रधान. मग त्या राजाकडे भात लावायला कोण होतं कोण जाणे! आणि अशा कागदाचा आधार घेऊन 'आम्ही मूळचे, तुम्ही उपरे' ही भाषा पुन्हा कानावर येऊ लागली आहे, गावच्या देवळात आणि क्वचित दिंडीच्या सभेतही. ज्यांच्या पूर्वजांना कडेला उभं राहावं लागलं, त्यांच्याच नातवंडांनी दुसऱ्याला कडेला उभं करावं, हे आम्हांला पटत नाही.

आचऱ्याची गावपळण सगळ्यांना ठाऊक आहे. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गुरं, कुत्री, कोंबड्या, झाडून सगळे. त्या तीन दिवसांत मानकरी आणि उपरा एकाच झोपडीच्या आळीत भाकरी भाजतात. वेशीच्या आत त्या वेळी कोणीच मूळचा नसतो.

ज्यांना खरोखर शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मालवण १८१२ पर्यंत कोल्हापूरकर छत्रपतींकडे होतं आणि त्या वर्षी इंग्रजांकडे गेलं. (योगायोग असा की गोव्यातलं ते न्यायालयही १८१२ सालीच कायमचं बंद झालं.) म्हणून मालवण भागाचे जुने मोडी कागद शोधायचे तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात विचारावं. वेंगुर्ला, कुडाळ, बांदा भागाचं दफ्तर सावंतवाडी संस्थानाचं. गोव्याकडच्या गावकरीच्या नोंदी पणजीच्या पुराभिलेखात आहेत. तिथल्या देवस्थानांत महाजनांच्या याद्या असतात, त्यांत आपल्या घराण्याचं नाव सापडलं तर गाव पक्का झाला म्हणून समजा. घरात मोडी कागद असतील तर ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आपल्या दमट हवेत बुरशी धरते. सुती फडक्यात ठेवा, आणि आधी फोटो काढून घ्या. अमेरिकेत युटा राज्यात वंशावळी जमवणारी एक संस्था आहे, तिनं थेट हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढून नेल्या. सातासमुद्रापलीकडच्या लोकांना त्याची किंमत कळते आणि आपल्या माळ्यावर वाळवी लागते.

एक गोष्ट मात्र यांतल्या कोणत्याच कागदात सापडणार नाही. उपाध्यांच्या वहीत बाप, आजा, पणजा. महाजनांच्या यादीत पुरुषांची ओळ. ताम्रपटातही दहाच्या दहा राजे, राणी एकही नाही. आपल्या घरांत आलेल्या बायका कोणत्या गावच्या, त्यांचं माहेरचं नाव काय, हे कुठंच लिहिलेलं नाही. लग्नात नाव बदललं की मागचं सगळं पुसलं. वास्तविक दक्षिणेची घराणी इथं रुजली ती इथल्या मुली घरात आल्या म्हणून. मालवणी बोली, फणसाच्या सांदणाची रीत, जात्यावरच्या ओव्या, सगळं त्यांनी आणलं, आणि दिंडीत डोक्यावर तुळस त्यांनीच वाहिली. आमच्या हजेरीच्या जुन्या वह्यांत त्यांची नोंद 'सोबत मंडळी' एवढीच आहे. मंडळींत किती जणी, कोण, काही नाही.

म्हणून स्मरणिकेच्या शेवटी चार पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. त्यांवर घराण्याचा मूळपुरुष लिहू नका, तो कुठेतरी लिहिलेला असतोच. आपली आई, आजी, पणजी यांची माहेरची नावं आणि माहेरचे गाव लिहा. जेवढं आठवेल तेवढं. आज्या हयात असतील तर आजच विचारा, गणपतीपर्यंत थांबू नका. कार्तिकीला निघताना पानं घेऊन या. पहिल्या मुक्कामावर आम्ही ती उतरवून घेऊ आणि दिंडीच्या वहीला जोडू.

राम कृष्ण हरी.